हिरव्या पापण्या

मखमलाबाद, नाशिक
ता. २१ ऑक्टोबर १९९९

जिवंत माणसाची तसबीर करून धाडायला तुला कुणी सांगितलं होतं? झुंबरच्या टेम्पोतून गोणपाटात गुंडाळलेली एवढी थोरली चौकट आली. मला वाटलं, आरसा पाठवलास. सोडून बघते तर माझाच रावजी, तुझा बाप, तोंडाला रुमाल बांधलेला, दरोडा घालायला निघाल्यासारखा. आणि पापण्या हिरव्या! माणसाच्या पापण्या हिरव्या असतात का रे?

पुढचं ऐक. दसऱ्याचा दिवस. पहाटेपासून झेंडू ओवून बोटं पिवळी झालेली. विळ्याला हार, पाण्याच्या मोटारीला हार, सायकलला हार. तुझ्या आईने, मैनाने, ती चौकट उंदरांच्या भीतीने वर टांगलेली, नेमकी तुझ्या आजोबांच्या फोटोशेजारच्या खिळ्याला. माझा हात चालला होता, डोकं कुठं होतं देव जाणे. आजोबांना हार घातला तसा शेजारच्यालाही घातला आणि गेले चुलीपाशी.

संध्याकाळी शेजारची लंकाबाई सोनं द्यायला आली. तिने भिंतीकडे बघितलं आणि दारातच बसकण मारून गळा काढला, "अरे माझ्या रावजीभाऊ, कधी रे गेलास, कुणी सांगितलं पण नाय!" मोरीत रावजी हातपाय धूत होता. तो तोंड पुसत बाहेर आला तर ती ओरडून आपट्याची पानं टाकून पळाली. रावजीने हाराकडे बघितलं. म्हणाला, "म्हातारे, एवढी घाई झाली व्हय?" आणि हसला. हसता हसता ठसका लागला तो ताट वाढेपर्यंत थांबला नाही.

तर ही तुझ्या तसबिरीची करणी. आम्ही खुशाल आहोत.

दुसरी गोष्ट. काल रावजी तसबीर पोचली हे सांगायला एसटीडीवर गेला. तुझ्या कंपनीत फोन लागला. तिथली बाई म्हणाली, कुंदन जूनमध्येच सोडून गेले. रावजी परत आला तो तसाच मळ्यात गेला. मला बूथवाल्याने सांगितलं. गणपतीत तुझं पत्र आलं त्यात लिहिलंस, "काम जोरात आहे." कुठलं काम? कुणाकडे?

खरं लिही. माझी शाळा म्हातारपणची, रात्रीच्या वर्गातली, तिसरीच्या पुस्तकापाशी थांबलेली. पण खोटं लिहिलेलं मला वाचता येतं.

गोजराबाई

*

पुणे
३ नोव्हेंबर १९९९

ती. आजी,
साष्टांग नमस्कार.

हाराचं वाचून हसलो, मग लाज वाटली. चित्र अण्णांना दसऱ्याची भेट म्हणून पाठवलं होतं. लहानपणी मी सातपूरला लोखंडी कपाटांच्या कारखान्यात, रंगाच्या शेडवर त्यांचा डबा घेऊन जायचो. ते बाहेर यायचे तेव्हा तोंडाला रुमाल असायचा आणि पापण्यांवर कपाटाचा हिरवा रंग बसलेला असायचा. मला ते तसेच आठवतात.

नोकरी सोडली हे खरं. लपवलं हेही खरं. आता सांगतो.

कंपनीत मी सहा वर्षं डबे, खोकी, बाटल्यांची लेबलं काढली. सरबताच्या बाटलीवरचा आंबा अकरा वेळा बदलला, का तर साहेब म्हणायचे, पिवळा अजून आनंदी दिसला पाहिजे. मी तेही केलं. मे महिन्यात अगरबत्तीचा पुडा आला. त्यावर झेंडू हवा होता. मी तीन दिवस बसून झेंडू काढला, आपल्या मळ्यातला, तळाशी देठाकडे किंचित करपलेला. साहेबांनी बघितला आणि म्हणाले, "एवढा वेळ कशाला? सीडीवर फुलांचे चारशे फोटो आहेत, त्यातला एक लाव." मी लावला. कुठल्या देशातला झेंडू होता कोण जाणे. तो पुडा छापून आला, आणि मी तो बघत बसलो, आणि मला वाटलं की आणखी दहा वर्षांनी मला आपला झेंडू आठवणारही नाही. म्हणून सोडली.

आता फक्त चित्रं काढतो. मंडईच्या मागे एक खोली घेतली आहे. खाली सारखी हातगाड्या-रिक्षांची धूळ उडते, ओल्या रंगावर बसते, म्हणून खिडकी बंद ठेवूनच काम करावं लागतं. टर्पेंटाइनचा वास कोंडतो, डोकं दुखतं, पण सवय होईल.

अण्णांना राग आला असणार. गावभर सांगत होते ना, पोरगा कंपनीत डिझायनर, एसीत बसतो. त्यांची मान खाली गेली. त्यांना सांग, मी कुणापुढे हात पसरणार नाही. आणि रागवायचंच तर स्वतः दोन ओळी लिहून रागवा म्हणावं.

दिवाळीला येत नाही.

तुझा,
कुंदन

*

मखमलाबाद
ता. १२ डिसेंबर १९९९

दिवाळीला येत नाही असं लिहितात का? येता येत नाही, असं लिहावं. मैनाने तुझ्या वाटणीच्या करंज्या आठ दिवस डब्यात ठेवल्या, मग मी खाल्ल्या. खवट झाल्या होत्या.

तुझं पत्र मी रावजीला वाचून दाखवलं. आंब्याचं, झेंडूचं सगळं ऐकलं त्याने. मळ्यातला झेंडू करपलेला काढलास म्हणे. चांगला काढला असता तर साहेबाने ठेवला असता, असं माझं मत. पुढे खिडकीचं आलं तेव्हा भाकरी मोडता मोडता थांबला. "परत वाच." मी वाचलं. "कशाने बंद ठेवतो म्हणे?" मी म्हटलं, ओल्या रंगावर धूळ बसते म्हणून. भाकरी तशीच ठेवून उठला आणि बांधावर जाऊन बसला. ताट मी झाकून ठेवलं.

मान खाली गेली का वर गेली ते मला माहीत नाही. गावात कुणी विचारलं तर म्हणतो, पोरगं चित्रं काढतंय. एवढंच म्हणतो.

सध्या रावजी घरीच असतो. शेडमध्ये काम कमी आहे म्हणे, सुट्टी दिली आहे. फुलं तोडायला येतो पण ओळीच्या अर्ध्यातच बसतो. वय झालं. मी सत्तरीची दोन ओळी तोडते ते राहू दे.

झुंबर गुलटेकडीच्या बाजारात शेवंती घेऊन येतोय, त्याच्याबरोबर रावजीने तुझ्यासाठी एक पुडकं दिलं आहे. सुतळीने लय घट्ट बांधलं आहे. मी विचारलं काय आहे, तर म्हणाला, "त्याला कळेल." चिठ्ठी लिही म्हटलं तर नाही लिहिली. हा माणूस पगाराच्या कागदावर सही करायची तरी कुरकुरतो.

पुडकं मिळाल्याचं कळव.

गोजराबाई

*

पुणे
५ जानेवारी २०००

ती. आजी,
नमस्कार.

पुडकं मिळालं. झुंबरकाकांबरोबरच परत पाठवतो आहे. अण्णांच्या हातात दे.

तू उघडून बघितलं नसशील म्हणून सांगतो. आत तोंडाला लावायचा रबरी मास्क आहे, दोन्ही गालांवर डब्या असलेला, कारखान्यातला. कोरा. दुसरं काहीही नाही. एक ओळ नाही.

टोमणा पोचला म्हणावं. रंगारीच व्हायचं होतं तर हे घे, असंच ना? मी सहा वर्षं खुर्चीवर बसून कमावलं ते सोडून पुन्हा त्यांच्याच शेडमध्ये येऊन उभा राहिलो, असं त्यांना म्हणायचं आहे. बैलाला घालतात तसं मुसकं पाठवलं. मला चार शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. कंपनीतले मित्र हसतात, घरमालक हसतो, त्यात आता बापही.

मार्चमध्ये इथल्या एका छोट्या हॉलमध्ये माझी चौदा चित्रं लागणार आहेत. पहिलंच प्रदर्शन. तुम्ही या असं म्हणत नाही. फक्त कळवतो आहे.

कुंदन

*

मखमलाबाद
ता. २० मार्च २०००

मुसकं परत आलं ते बापाच्या हातात पडलं, माझ्या नाही. झुंबरला म्हटलं होतं, काही आलं तर आधी मला दाखव. तो शेळपट. रावजीने सुतळी सोडली, आत बघितलं, पुन्हा बांधली. "नाय घेतलं त्याने," एवढं म्हणाला. तुझी चिठ्ठी मी त्याला वाचून दाखवली नाही. नवऱ्याला माती देऊन आले तेव्हा जी जीभ चालली ती तुझी चिठ्ठी वाचायला चालली नाही.

आता नीट वाच. हे लिहू नको म्हणून रावजीने मला शपथ घातली होती. शपथ मोडते. माझं वय झालं, पाप लागायच्या आत मरेन.

तुझा बाप बावीस वर्षं कपाटांवर पंपाने रंग मारतो. त्या शेडला दोन दारं, तीही बंद. का? ओल्या रंगावर धूळ बसते म्हणून. तुझ्या पत्रातलं वाक्य जसंच्या तसं. बावीस वर्षं नाकाला रुमाल. घरी आला की मैना बोटाला खोबरेल लावून त्याच्या पापण्या पुसायची. मला माहीत होतं पापण्या हिरव्या का ते. उगाच विचारलं तुला. घरातलं घरात पुसायचं असतं, ते भिंतीवर लागलं म्हणून मला राग आला.

पाच वर्षांमागे तपासणीला कुणी साहेब येणार होता, तेव्हा मालकाने सहा मुसकी आणली. साहेब गेला. बाकीच्यांनी आपापली मुसकी दिंडोरीला सोयऱ्यांकडे दिली, द्राक्षावर औषध मारायला. रावजीने नवंकोरं ट्रंकेत ठेवलं, तुझ्या शाळेच्या निकालांवर. मी म्हटलं, वापर की मेल्या. तर म्हणे, घातलं की दम कोंडतो, कपाटं कमी होतात, आणि शेजारचा रुमाल लावून उभा असताना मी एकट्याने कसं घालू. असा हा माणूस. ते ट्रंकेतलं तुला धाडलं. त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं धाडायला.

त्याला तुझ्या पगाराचं काही नव्हतं. कंपनीत काचेच्या खोलीत बसतो, तिथं गार हवा येते, एवढंच तो गावात सांगायचा. हवेचंच सांगायचा. आम्हाला कुणालाच ते ऐकू आलं नाही, मलासुद्धा नाही.

सुट्टी बिट्टी काही दिली नव्हती. दिवाळीपासून त्याला कामावर उभं राहवत नव्हतं. आता चौदा दिवस झाले, सरकारी दवाखान्यात आहे. नाकाला नळी. डॉक्टर छातीचा फोटो उजेडाला धरून दाखवतो, मला त्यात काही कळत नाही, पण डॉक्टर माझ्याकडे न बघता बोलतो ते कळतं. परवा रावजी म्हणाला, ती तसबीर आण. मैनाने चादरीत गुंडाळून नेली. खाटेच्या पायाशी ठेवली आहे. शेजारच्या खाटेवरचे विचारतात, हा कोण? तो बोट स्वतःकडे करतो. मला म्हणाला, "पोराने बघितलं होतं बरं का. डबा ठेवून पळायचा, पण बघितलं होतं."

तुझी चौदा चित्रं भिंतीवर असतील तर असू देत. त्यांना कुणी पळवत नाही.

ये. पत्र लिहीत बसू नको.

गोजराबाई

*

पुणे
१४ ऑगस्ट २०००

ती. आजी,
साष्टांग नमस्कार.

चार महिने तुला लिहिलं नाही. काय लिहायचं ते कळत नव्हतं. अण्णांचे दिवस झाल्यावर इथे परत आलो तेव्हा खोलीच्या दारात प्रदर्शनाची आमंत्रणं पडलेली होती. त्यावरचा दिवस केव्हाच उलटून गेला होता. हॉलवाल्यांनी चित्रं एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

तुला बरं वाटेल अशी बातमी द्यायला लिहितो आहे. १ ऑगस्टपासून मी पुन्हा कंपनीत रुजू झालो. जुन्याच साहेबांनी घेतलं. आता माझ्या हाताखाली दोन मुलं आहेत. पत्र कंपनीच्या कागदावर लिहितो आहे, त्यावरून कळलंच असेल. रंग, ब्रश, कापडं सगळं बांधून जुन्या घरमालकाच्या माळ्यावर टाकलं.

अण्णांची तीच इच्छा होती. ते नऊ दिवस मी त्यांच्याजवळ बसलो, पण बोलणं कुठे झालं? धाप लागून त्यांना बोलवत नव्हतं आणि मला सुरुवात करता येत नव्हती. मास्कबद्दल माफी मागायची होती. रोज ठरवायचो, उद्या. सातव्या दिवशी त्यांनी माझा हात धरला, नाकाशी नेला. बोटांना टर्पेंटाइनचा वास होता, धुऊनही जात नाही तो. त्यांनी वास घेतला आणि हात सोडून दोनदा असा बाजूला हलवला. नको, नको. तू होतीस तिथे, तू बघितलंस. त्यानंतर मी पुन्हा ब्रश कसा धरणार?

जे त्यांना हवं होतं ते मी केलं. आईला सांग, इथे एसी आहे, खिडक्यांची गरजच नाही.

पितृपक्षाच्या आधी येऊन जाईन.

तुझा,
कुंदन

*

मखमलाबाद
ता. १० सप्टेंबर २०००

मेलेल्या बापाच्या खांद्यावर स्वतःचं ओझं ठेवून तू कंपनीत गेलास, आणि वर म्हणतोस, तुला बरं वाटेल. मला काही बरं वाटलं नाही. तुझा कागद गुळगुळीत आहे, वर छापलेलं फूल आहे. त्यावर शाईसुद्धा नीट धरत नाही.

सातव्या दिवशी मी खाटेच्या पायाशी होते हे खरं. रावजीने तुझा हात हुंगला, मग स्वतःचा हात हलवला. तुला "नको" दिसलं. मला दिसलं ते वेगळं. त्याच्या खाटेच्या उजवीकडे खिडकी होती, नर्सबाई डासांसाठी ती लावून घ्यायची, आणि रोज सकाळी तो मला असाच हात करून ती उघडायला लावायचा. हात खिडकीच्या बाजूला गेला होता. तू रडत होतास, तुला बाजू कुठून दिसणार?

पण मी शपथेवर सांगत नाही. नकोच म्हणाला असेल, तसंही असेल. आता त्याला विचारता येत नाही. तुझं तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी. माझं म्हणणं एवढंच की जे नक्की माहीत नाही ते बापाची इच्छा म्हणून सांगत फिरू नको.

तू का गेलास ते मी सांगते. डॉक्टरने तुला बाजूला घेऊन तो काळा फोटो दाखवला, तेव्हा तुझा हात तुझ्याच छातीवर गेला. मी बघितला. भ्यालास. भ्यायला माझी हरकत नाही. भीती वाटते म्हणून नोकरीत बसलो असं लिही, मी त्या कागदाची घडी करून देवापाशी ठेवीन, पुन्हा विषय काढणार नाही. भल्याभल्यांनी पोटासाठी खुर्ची धरली आहे. पण अण्णांना हवं होतं म्हणून, हे मला नको. अण्णांनी तुझ्यासाठी धाडलेलं पुडकं तू एकदा परत पाठवलंस. तेव्हा नाही विचारलं, त्याला काय हवं होतं.

तुझ्यावरच टाकते असं नाही. पहिला हार मी घातला. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, तरी हात झेंडूला लागला की ते आठवतं. यंदा घरात सण नाही, पण दसऱ्याचा झेंडू विकायचाच आहे, त्याला काय कळतं कोण मेलं ते. दुसऱ्यांच्या दारांसाठी हार ओवायचे.

तुझी तसबीर दवाखान्यातून परत आणली, त्याच खिळ्याला आहे. लंकाबाई म्हणाली, तोंड झाकलेल्या माणसाला हार कसा घालायचा, चेहऱ्याचा फोटो लावा. चेहऱ्याचा एकच आहे, कारखान्याच्या ओळखपत्रावरचा, पोस्टाच्या तिकिटाएवढा. तो मोठा करून आणला तर रावजीचा पत्ताच नाही त्यात, नुसते ठिपके. तुझ्या तसबिरीत नाक नाही, तोंड नाही, उजवा कान मैना म्हणते लहान झाला आहे, आणि तरी दारातून आत आलं की हा बसलेला आहे. मला तुझी चित्रं कळत नाहीत. हे एक कळतं. मी त्याला हार घातलेला नाही. घालणार पण नाही.

वर्षश्राद्धाला घरात त्याचा उघड्या तोंडाचा फोटो पाहिजे. तो कुठल्या स्टुडिओत मिळत नाही आणि तुझ्या त्या सीडीवर तर नाहीच. तू नऊ दिवस त्याचं तोंड बघितलंस, मी बावन्न वर्षं बघितलं, पण माझा हात चालत नाही.

मुसकं ट्रंकेत परत ठेवलं नव्हतं. झुंबरबरोबर धाडते आहे, हे पत्र आत घातलं आहे. वापर किंवा फेक. परत पाठवलंस तर झुंबर तुला टेम्पोखाली घालेल, मी सांगितलं आहे त्याला.

पितृपक्षाच्या आधी येऊन जातो म्हणून लिहिलंस. उभ्या उभ्या यायचं असेल तर येऊ नको. मैना दोन दिवस स्वयंपाक करते आणि मग आठ दिवस खवट खाते.

आता उत्तराचं. एकाच नावाचे दोघे तिथं राहतात असं मी धरून चालले आहे. एकाने गुळगुळीत कागदावर "तुला बरं वाटेल" असं लिहिलं. दुसऱ्याने हिरव्या पापण्या काढून खाली कोपऱ्यात आपलं नाव घातलं. या पत्राचं उत्तर त्या दुसऱ्याने लिहायचं, साध्या कागदावर, खिडकीपाशी बसून. पहिल्याचं आलं तर मी फोडणार नाही, पोस्टमनच्या हातात तसंच परत देईन.

गोजराबाई